जुन्नरचा डोंगर आणि कासारांकडची ठेव

अष्टविनायक यात्रेच्या वेळापत्रकात लेण्याद्रीच्या वाट्याला फार तर दोन तास येतात. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढावयाच्या, गिरिजात्मजाचे दर्शन घ्यावयाचे, माकडांपासून प्रसाद सांभाळत खाली उतरावयाचे आणि ओझरकडे निघावयाचे. भिलाई-दुर्गहून जाणारी आपली मराठी कुटुंबेही हाच क्रम पाळतात. श्रद्धेची यात उणीव नाही. परंतु ज्या नगराच्या वेशीपर्यंत आपण इतक्या दुरून जातो, ते जुन्नर न पाहताच परततो, अशी माझी तक्रार आहे.

किर्गिझस्तानात ओश नावाचे शहर आहे. रेशीम मार्गावरील ही जुनी पेठ. मधोमध सुलेमानाचा पवित्र डोंगर, पायथ्याशी बाजार. 2009 साली त्या डोंगराला जागतिक वारशाचा मान मिळाला आणि जगभरचे प्रवासी तेथे जाऊ लागले. डोंगर, पेठ आणि व्यापारी मार्ग असा त्रिवेणी संगम आपल्याकडे कुकडीच्या काठी आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांचा माल नाणेघाटाने वर चढून येथे येत असे. त्या वर्दळीच्या पैशातून जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरली गेली. गिरिजात्मजाचे मंदिर हेही मुळात बौद्ध भिक्षूंचे निवासस्थान. एकाही खांबाचा आधार नसलेले ते विस्तीर्ण दालन पाहताना भाविकाने क्षणभर छताकडेही पाहावे.

शेजारचेच सहाव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे चैत्यगृह. ते कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान असल्याचे तेथील शिलालेख सांगतो. हेरणिक म्हणजे सोनार वा खजिनदार. म्हणजे या डोंगरावरील सर्वांत देखणी वास्तू कोणा राजाची नव्हे, आपल्याच व्यवसायबंधूच्या घराण्याची! अन्यत्र धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली आहे. ईरिल, चिट आणि चंद हे दाते तर यवन, म्हणजे पश्चिमेकडील परदेशी होते.

बँकेत काम करणाऱ्याला मात्र सर्वांत जास्त खिळवून ठेवतात ते ठेवींचे लेख. जुन्नरच्या एका लेखात बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे पैसा गुंतविल्याची नोंद आहे. याचा संपूर्ण हिशेब वाचावयाचा असेल, तर नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात जावे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथे 3000 कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव ठेवली. 2000 कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि 1000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, अशी योजना होती. आकडेमोड करून पाहावी: दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, वीस भिक्षूंना बारा बारा. हिशेब तंतोतंत जुळतो. हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदविला गेला.

यावरून ‘प्राचीन भारतातील बँक’ असा गौरव आपण भाषणांतून करतो. मला तो पटत नाही. श्रेणी ही बँक नव्हती. ती कारागिरांची संघटना होती आणि आलेला पैसा बहुधा आपल्याच धंद्यात वापरीत असावी. खरे नवल निराळेच आहे. ज्याला आपले दान चिरकाल टिकावे असे वाटत होते, तो दाता आपला पैसा बुरुडाच्या आणि कासाराच्या हाती निःशंकपणे सोपवीत होता. आज आपण काय करतो? बांबूच्या टोपल्या विणणारा कंडरा आपल्या शाखेत कर्जासाठी आला, तर दहा हजार रुपयांसाठीही आपली लेखणी अडखळते. 2020 पासूनच्या पंतप्रधान स्वनिधी योजनेने ती काहीशी सैल झाली, एवढेच. वसुलीचा अनुभव सांगणाऱ्या सहकाऱ्यांची चिंता मी अनाठायी म्हणणार नाही. पण त्या काळीही विश्वास एकट्या बुरुडावर नव्हता, श्रेणीवर होता. बचत गट आणि संयुक्त जबाबदारी गट यांच्याकडे आपण केवळ उद्दिष्टपूर्तीच्या रकान्यातून पाहतो, ते या दृष्टीने पाहिले पाहिजे.

भिलाईकरांनी जुन्नर पाहावे, याचे आणखी एक कारण आहे. नाणेघाटाची वर्दळ केव्हाच ओसरली. 1863 साली बोरघाटातून आणि 1865 साली थळघाटातून रेल्वे वर आली आणि जुन्नर दोन्ही मार्गांच्या बाहेर राहिले. आजही तेथे रेल्वे नाही. तरीही गाव ओस पडले नाही. मध्ययुगात तेथे हातकागद बनू लागला आणि जुन्नरी कागदाने दप्तरे भरली. आज तालुक्यात द्राक्षे पिकतात, नारायणगावचा टोमॅटो बाजार दूरवर माल धाडतो आणि जुन्नरचा आठवडे बाजार आसपासच्या खेड्यांना पोसतो.

आपले शहर 1955 च्या करारातून जन्मले आणि एका कारखान्याभोवती वाढले. ज्या राजहरा खाणींवर ते उभे राहिले, तेथील उत्तम लोहखनिज सरत आले असून आता सर्वांची दृष्टी रावघाटाकडे लागली आहे. कारखाना दीर्घकाळ चालो. पण सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात पथारी मांडणाऱ्या माणसाला पगारदार खातेदाराच्या मागे उभे करणारी आपली सवय मला दूरदृष्टीची वाटत नाही. मोठ्या वाटेपासून तुटल्यावर जुन्नरला अशाच माणसांनी तारले.

जाणाऱ्यांनी दोन दिवस राखून ठेवावेत. पहिल्या दिवशी सकाळी लेण्याद्री आणि दुपारी तुळजा लेणी. तेथील बारा खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह दुर्मिळ आहे. दुसरा दिवस शिवनेरीसाठी. 2025 साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी तो एक आहे. शिलालेखांची अक्षरे पुसट होत चालली आहेत. त्यांवर हात फिरवू नये. आपले नाव कोरण्याचा मोह होणाऱ्यांची आठवण तेथील भिंतींवर पुष्कळ आहे, तिच्यात भर नको. आठवडे बाजाराचा दिवस साधता आला, तर उत्तम. ओझरला संध्याकाळी पोहोचले तरी विघ्नहर रागावत नाही.