व्यंकोजींचा शिलालेख

बेंगळूर पाहावयास आलेला मराठी प्रवासी लालबाग, विधानसौध आणि टिपूचा उन्हाळी वाडा एवढे उरकून म्हैसूरची गाडी पकडतो. व्हिएन्नात वा प्रागमध्ये प्रत्येक दगडापुढे भक्तिभावाने थबकणाऱ्या याच गृहस्थास मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाकडे फिरकण्याची बुद्धी होऊ नये, हे नवलच म्हणावयाचे. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाच्या वंशजांकडून बेंगळूरचे ठाणे सर केल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि ज्यांच्या आश्रयास राहून जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’ रचला, त्या राजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६६९ साली या देवस्थानास मेदरनिंगनहळ्ळी हा गाव इनाम दिल्याचा लेख तेथील शिलेवर कोरलेला आहे: सनद मराठ्याची, अक्षरे मात्र कानडी, आणि त्यात कोणास वावगे वाटले असेल, असे मला वाटत नाही. पुढे व्यंकोजींचे चित्त तंजावरात रमले, १६८७ साली मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले, आणि चिक्कदेवराज वोडेयरांनी तीन लक्ष रुपये मोजून ते म्हैसूरच्या पदरात पाडले. त्या रकमेत आज मल्लेश्वरमात न्हाणीघरही मिळावयाचे नाही.