अशोकाष्टमी आणि दुर्मिळ होत चाललेला अशोक

चैत्र शुद्ध अष्टमीपुढे पंचांगात ‘अशोककलिकाप्राशन’ असे छापलेले असते. अशोकाच्या आठ कळ्या पाण्यासह प्राशन केल्या असता शोक दूर होतो, असे धर्मशास्त्रकार सांगतात. व्रत सोपे आहे. परंतु त्या कळ्या आज आणाव्यात कोठून?

रस्त्याच्या कडेला सरळसोट उभा असलेला, ज्याची पाने आपण तोरणात ओवतो, तो खरा अशोक नव्हे. तो आसुपालव, त्याचे कूळ सीताफळाचे, फुले फिकट हिरवी. खरा सीता-अशोक चिंचेच्या शिंबाकुळातला. वसंतात त्याच्या फांद्या केशरी, पुढे तांबड्या होणाऱ्या सुगंधी गुच्छांनी भरून जातात. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त मालविकेच्या पादप्रहाराने फुलला तो हाच. वाल्मीकींनी अशोकवनिकेत जानकीला शिंशपेखाली बसविले आहे; तरी लोकांनी सीतेचे नाव जोडले ते अशोकालाच.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ साली हा वृक्ष ‘असुरक्षित’ ठरविला. सह्याद्रीतील ओलसर, सावलीची राने तुटली, हे एक कारण. दुसरे त्याची साल. स्त्रियांच्या विकारांवरील अशोकारिष्टासाठी तिला मोठी मागणी आहे आणि ती बव्हंशी रानातूनच येते. खोडाभोवतीची साल सर्व बाजूंनी सोलली की पानांतले अन्न मुळांना पोचत नाही आणि झाड उभ्याउभ्या वाळते. खरी साल अपुरी पडते, तेव्हा तीत आसुपालवाची साल मिसळली जाते, हे संशोधकांनी दाखविले आहे. म्हणजे हानी रानाची आणि फसवणूक रुग्ण स्त्रीची.

औषधी वनस्पतींच्या लागवडीस उत्तेजन देण्यासाठी केंद्र सरकारने २००० साली राष्ट्रीय मंडळ स्थापिले. परंतु अशोक हे हंगामी पीक नव्हे. सालीजोगा होण्यास त्याला अनेक वर्षे लागतात, आणि ज्याचे घर वर्षाच्या उत्पन्नावर चालते त्या शेतकऱ्याने इतके थांबावे कसे?

थांबू शकतात ती देवस्थाने. त्यांच्यापाशी आवार आहे, विहीर आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी श्रद्धा आहे. साल विकण्याची निकडही नाही. अशोकाचे बी फार काळ टिकत नाही, म्हणून ते ताजेच पेरावे. रोपाला प्रथम सावली व ओलावा द्यावा. गावोगावच्या विश्वस्तांनी यंदाच्या पावसाळ्यात एकेक सीता-अशोक लावावा, आणि भाविकांनी तो ओळखून त्याला पाणी घालावे. मग पुढच्या पिढीला अष्टमीच्या कळ्या देवळाच्याच अंगणात मिळतील, आणि खाली बसणाऱ्या माउलीला सावलीही.