दोन दिवसांचे गोकुळ

सुट्टी म्हणजे विश्रांती, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. आमचा अनुभव मात्र निराळा आहे. वर्षभरात आम्ही जेवढे दमत नाही, तेवढे मे महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी दमतो. आणि त्या दमण्याची वाट उरलेले अकरा महिने पाहतो.

इंदुरात आमची चार कुटुंबे. रक्ताचे नाते कोणाचेच कोणाशी नाही. कोणाचे पणजोबा होळकरांच्या दरबारी कारकून म्हणून आले, कोणाचे वडील कापडगिरणीत नोकरीस लागले, तर कोणी बँकेच्या बदलीवर आले आणि येथलेच झाले. मामाचे गाव दूर राहिले, आत्याचे पत्रापुरते उरले. तेव्हा मुलांसाठी मामा, काका, मावशी, आत्या ही सारी नाती आम्ही आपसांतच वाटून घेतली. गेली तीस वर्षे उन्हाळ्यातले हे दोन दिवस त्या नात्यांसाठी राखून ठेवलेले आहेत.

यंदा मात्र हे दोन दिवस नेहमीपेक्षा अधिक गच्च भरले होते. त्याचे कारण सर्वांस ठाऊक होते, पण कोणी ते ओठांवर आणत नव्हते. आमच्यातले वडीलधारे दांपत्य, ज्यांस लहानथोर सारेच काका-काकू म्हणतात, जूनमध्ये मुलाकडे पुण्यास कायमचे जाणार होते. घराचा व्यवहारही पुरा झाला होता. म्हणून आम्ही एका कागदावर तासातासाचा कार्यक्रम आखला. रिकामा वेळच ठेवला नाही, की मग तो विषय निघण्याची भीती नाही!

शनिवारी पहाटे साडेचारला काकूंच्या गच्चीवर चूल पेटली. मंगळवारी भिजत घातलेला माळव्याचा गहू रोज पाणी बदलून शुक्रवारी वाटला होता. रात्रभरात चीक तळाशी बसला होता. वरचे पाणी हलक्या हाताने ओतून काकूंनी चीक मोजला. तेवढेच पाणी, मीठ आणि हिंग घालून उकळत ठेवले. ढवळण्याचे काम दरवर्षीप्रमाणे पुरुषमंडळींकडे. गुठळी झाली की काकूंची नजर आमच्याकडे वळे आणि आमची आकाशाकडे. त्या दिवशी काकूंनी आपल्याजवळ उभे केले ते आमच्या स्नेह्यांच्या नव्या सुनेस. ती माळवी घरातली; मराठी समजते, बोलताना अडखळते.

"अगं, घाई नको. पांढरेपणा जाऊन काचेसारखा दिसू लागला, की समजायचं, चीक शिजला."

"काकू, मग लगेच सोऱ्यात भरायचा?"

"लगेच. निवला की संपलं!"

उन्हे वर येईतो धुतल्या धोतरांवर कुरडयांची शुभ्र चक्रे मांडून झाली. पोरांनी गरम चिकावर तूप ओतून निम्मे पातेले फस्त केले. दुपारी खिडक्या लावून पन्हे आणि पत्ते. रात्री राजवाड्याच्या मागे सराफ्यात. सोन्याचांदीची दुकाने मिटली, की त्यांच्याच दारांपुढे खाण्याची दुकाने मांडली जातात, ही इंदूरची जुनी रीत. भुट्ट्याचा कीस, दहीवडे आणि शेवटी जिलेबी, असा क्रम चुकवायचा नाही. दिवस कितीही तापला तरी माळव्याची रात्र दयाळू असते. घरी परतलो तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि कागदावर पुढची वेळ पहाटे पाचची होती.

रविवारी दोन मोटारींतून महेश्वरास निघालो. अंतर नव्वद-एक किलोमीटर. मानपूर मागे टाकून घाट उतरला की विंध्य संपतो, निमाड सुरू होतो आणि वाऱ्याची जात बदलते. आठ वाजताच पायऱ्या तापू लागल्या होत्या. पोरे नर्मदेत उतरली. आम्ही नावेतून पात्रातल्या बाणेश्वरास जाऊन आलो. कागदाप्रमाणे आता सहस्रधारेकडे निघायचे होते. आम्ही घड्याळ दाखवताच काकांनी तो कागद मागून घेतला, नीट घडी घातली आणि आमच्याच खिशात ठेवला.

"बसा हो जरा. दोन दिवस नुसते पळवता आहात."

आम्ही बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग काका म्हणाले, "पुण्यात सगळीकडे मराठी ऐकू येईल, ही मोठी सोय. पण तिथं मला 'काका' म्हणून हाक मारणारं कोण? तिथं मी कोणाचा तरी बाप, एवढंच."

आम्हांस उत्तर सुचले नाही. जन्मभर आम्ही महाराष्ट्रास 'तिकडे, आपल्याकडे' म्हणत आलो. त्या शब्दाचा अर्थ त्या पायरीवर प्रथमच डळमळला. वर अहिल्याबाईंचा किल्ला उभा होता. चौंडीची ती मुलगी लग्न होऊन माळव्यात आली. 1767 ते 1795 या काळात तिने येथून राज्य केले, घाट बांधवले, बाहेरून विणकर आणवून वसवले. आपले गाव माणूस घेऊन येत नाही. जेथे हात राबतात तेथे ते उभे राहते. पण हे बोलून दाखवण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. आम्ही काकांचा हात हाती घेतला. सहस्रधारा राहून गेली, आणि त्याची हळहळ कोणासही वाटली नाही.

सायंकाळी परतल्यावर कडकडीत वाळलेल्या कुरडया चार डब्यांत भरल्या. काकूंनी पितळेचा सोऱ्या घासून पुसला आणि त्या नव्या सुनेच्या हाती दिला.

"पुढच्या वर्षी गहू तुझ्या घरी भिजायचा. आम्ही येऊ, पण पाहुणे म्हणून नाही. ढवळायला येऊ."

"काकू, पाणी बदलायला विसरले तर?"

"तर फोन कर. रोज कर!"

वाचकहो, दूरच्या मुलखात राहणाऱ्या आपणां सर्वांचे गोत असेच हातांनी जमवलेले असते. वर्षातले दोन दिवस त्यासाठी अवश्य काढा. ते कामाने, खाण्याने, प्रवासाने खुशाल गच्च भरा. दमा, भांडा, हसा. मात्र आमच्यासारखा तासातासाचा कागद कराल, तर त्यावर एक तास कोरा ठेवा. जे बोलायचे असते, ते त्या तासाची वाट पाहत असते.