जळालेल्या महालांतील फेरी

प्रवासास जावयाचें म्हटलें कीं आमच्या घरांतून दोन तट पडतात. तरुण मंडळी सामान बांधूं लागतात, आणि वडीलधारीं माणसें गुडघ्यांवर हात ठेवून "तुम्ही पाहून या, आम्हांस येऊन सांगा" असें म्हणतात. अलीकडे या दुसऱ्या पक्षाची चांगली सोय झाली आहे. संगणकावर किंवा नातवंडांच्या हातांतील मोबाइलवर नेहमींचा ब्राउझर उघडावा, आणि एखादें लेणें, राजवाडा वा पदार्थसंग्रहालय आंत शिरून पाहावें. बोट फिरवावें तिकडे दृष्टि वळते, मान वर केल्याप्रमाणें छत दिसतें, जमिनीवरील बाणास स्पर्श केला कीं पुढच्या दालनांत पाऊल पडतें. करमणूक म्हणून हें उत्तमच आहे. परंतु आज आम्ही त्याविषयीं लिहीत आहों तें करमणुकीसाठीं नव्हे.

ब्राझील देशांत रिओ डी जानेरो शहरीं साओ क्रिस्तोव्हाओ नांवाचा राजवाडा आहे. नेपोलियनच्या भयानें पोर्तुगालचें राजघराणें १८०८ सालीं समुद्रापार आलें, तें पुढें येथें राहिलें. ब्राझीलचे दोन्ही बादशहा येथेंच नांदले. १८१८ मध्यें स्थापन झालेलें तेथील राष्ट्रीय संग्रहालय १८९२ सालीं या महालांत आलें. २ सप्टेंबर २०१८ रोजीं, रविवारीं रात्रीं, त्यास आग लागली. आग विझविणारे धांवले, तों जवळच्या नळांस पुरेसें पाणी नाहीं! सुमारें दोन कोटि वस्तूंच्या संग्रहाचा फार मोठा भाग त्या रात्रींत गेला. इजिप्तच्या खेदिवानें १८७६ सालीं बादशहा दुसरे पेद्रु यांस एक प्राचीन शवपेटिका नजर केली होती. ती कधीं उघडलीच गेली नव्हती; बादशहानें ती तशीच आपल्या अभ्यासिकेंत ठेविली होती. तीहि गेली. पांच टनांहून अधिक वजनाचा लोखंडी उल्कापाषाण तेवढा जागचा हलला नाहीं. आकाशांतून येतांना जो एकदां तापून निघाला, त्यास या आगीचें काय?

आतां खरी गोष्ट पुढेंच आहे. गूगल कंपनीच्या कलाविषयक शाखेनें २०१६ पासून या संग्रहालयाबरोबर काम चालविलें होतें, व त्यांतील दालनांचीं चोहोंकडचीं छायाचित्रें आधींच घेतलीं गेलीं होतीं. डिसेंबर २०१८ मध्यें, म्हणजे आगीनंतर तीन महिन्यांनीं, तीं सर्वांस खुलीं झालीं. ज्या महालाचें छत कोसळून वरून आकाश दिसूं लागलें, त्याच महालांत आपण शिरतों. दिवे लागलेले आहेत, काचेचीं कपाटें जागच्या जागीं आहेत. अमेरिका खंडांतील अतिप्राचीन मानवी अवशेषांत जिची गणना होते ती 'लुझिया', सुमारें साडेअकरा हजार वर्षांपूर्वींची स्त्री. तिची कवटी येथें अखंड दिसते. राखेंतून वेंचून काढावे लागले ते तिचे तुकडे.

या चित्रांची रीति समजून घेण्यासारखी आहे. दालनाच्या मध्यभागीं तिपाईवर कॅमेरा ठेवून, तो जागच्या जागीं फिरवीत, सभोंवारचीं, वरचीं व खालचीं छायाचित्रें घेतात. शेजारच्या दोन चित्रांत थोडा भाग सामाईक ठेवितात. त्यावरून संगणक त्यांचे सांधे जुळवितो. तयार झालेलें चित्र उंचीच्या दुप्पट रुंद असतें, आणि तें मुलांच्या भूगोलांतील जगाच्या नकाशासारखें दिसतें. नकाशांत ध्रुवाजवळचा प्रदेश जसा अवाच्या सवा ताणला जातो, तशी येथें छताची व जमिनीची गत होते. ब्राउझर हाच नकाशा पुन्हां गोलावर चढवितो, मात्र गोलाच्या आंतल्या अंगास, आणि आपणांस मधोमध उभें करितो. प्रेक्षक मध्यें व चित्र सभोंवार ही कल्पना जुनीच. रॉबर्ट बार्कर या चित्रकारानें १७८७ सालीं तिचें पेटंट घेतलें होतें.

कॅमेरा जेथें उभा राहिला तेथूनच पाहावयाचें, ही या फेरीची अट आहे. कपाटामागें डोकावतां येत नाहीं. शिवाय मांडून ठेविलेल्या वस्तु थोड्या, कोठारांत व दप्तरांत होत्या त्या फार. त्यांत ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषांचीं ध्वनिमुद्रणें होतीं, आणि त्यांपैकीं कांहीं भाषा बोलणारें माणूस आज उरलेलें नाहीं. महाल फिरून पाहतां येतो. त्या भाषा ऐकतां येत नाहींत.

आपल्याकडे अजिंठ्याची हकीकत याच्या नेमकी उलट झाली. मेजर रॉबर्ट गिल यांनीं तेथें वर्षानुवर्षें राहून भिंतींवरील चित्रांच्या प्रती केल्या. १८६६ च्या डिसेंबरांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें त्यांतील बहुतेक जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून विद्यार्थ्यांस घेऊन पुन्हां तेंच काम आरंभिलें, आणि १८८५ सालीं लंडनमध्येंच लागलेल्या आगींत त्याहि प्रतींपैकीं पुष्कळ नाहींशा झाल्या. अजिंठ्यास मूळ उरलें, प्रति गेली. रिओस प्रति उरली, मूळ गेलें. आणि पुण्याचा शनिवारवाडा १८२८ सालीं जळाला, तेव्हां तट, दरवाजे व जोतीं यांपलीकडे फारसें कांहीं राहिलें नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे जुने वाडे आज ना उद्यां पाडले जाणार आहेत. त्यावर आमचें मत कोणी विचारलेलें नाहीं, आणि गळक्या कौलांखालीं जो राहतो त्यास उपदेश करण्याचा अधिकारहि आम्हांस नाहीं. मात्र पाडणाऱ्यांचीं माणसें येण्यापूर्वीं एक सबंध दिवस या कामास द्यावा. चौक, ओसरी, माजघर, देवघर, माडी अशा प्रत्येक ठिकाणीं मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा ठेवावा. आपण त्याच्याभोंवतीं फिरावें, कॅमेऱ्यास आपल्याभोंवतीं फिरवूं नये. नाहींतर जवळचे खांब सांध्यावर दुभंगतात. चित्रें घेतांना मंडळींनीं स्वस्थ बसावें. एरवीं काकांचें निम्में अंग ओसरीवर व निम्में अंगणांत उमटावयाचें! माजघरांत झगझगीत दिवा लावूं नये, चौकांतून येतो तेवढाच उजेड घ्यावा, कारण तें घर तसेंच दिसत असे. मग आजीस प्रत्येक जागीं बसवून, येथें बाळंतिणीची खोली होती, येथें धान्याचें बळद होतें, हें तिच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करावें. तयार झालेल्या सामग्रीच्या दोन प्रती काढाव्या, आणि त्यांतील एक परगांवच्या लेकीकडे पाठवून द्यावी.