यंत्रास अनुदान, ज्ञानास काय?

ठाण्यातील माजिवड्यापासून गायमुखाकडे जाणारा घोडबंदर रोड हा पूर्वी भातखाचरांचा आणि कोळीवाड्यांचा टापू होता. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत. या इमारतींतील कुटुंबे म्हणजे ठाणे जिल्ह्यातील शेतमालास अगदी दाराशी मिळालेली बाजारपेठ होय. बदलापूरचे जांभूळ, शहापूर-मुरबाडच्या रानातील करवंदे किंवा खाडीची मासळी यांवर प्रक्रिया करणाऱ्या लहान उद्योगास गिऱ्हाईक शोधीत हिंडावे लागत नाही. त्याचे अडते ते दुसरीकडेच.

जांभळाचेच उदाहरण घ्यावे. त्याचा हंगाम अल्प असतो आणि फळ झाडावरून उतरविल्यावर दोन-तीन दिवसांतच बिघडू लागते. म्हणून गर काढून बाटलीत भरणे इष्ट. परंतु गर पुरेसा तापविला नाही तर तो आंबतो आणि अधिक तापविला तर त्याचा रंग उतरतो. आम्लता किती असावी, उष्णता किती द्यावी व ती किती मिनिटे द्यावी, या तीन आकड्यांवर साऱ्या मालाचे भवितव्य अवलंबून असते. हे आकडे यंत्र विकणारा सांगत नाही; ते प्रयोगशाळेत मोजून ठरवावे लागतात.

अशा प्रयोगशाळा नाहीत असेही नाही. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था 1933 पासून, तर वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था 1961 पासून कार्य करीत आहे. या दोन्ही संस्था घोडबंदर रोडहून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या आहेत. शिवाय 1972 साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात ठाणे जिल्हा मोडतो. तथापि चार-पाच स्त्रियांचा बचत गट या संस्थांच्या पायऱ्या सहसा चढत नाही. कोणास भेटावे, शुल्क किती पडेल, आणि एवढ्याशा कामासाठी शास्त्रज्ञ वेळ देतील काय, हीच त्याची शंका असते.

शासनाने लहान उद्योगास मदत केली नाही, असे म्हणता येणार नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, इतके कर्जाशी निगडित अनुदान ठेवण्यात आले. प्रशिक्षणाचीही तरतूद झाली. परंतु प्रशिक्षण सर्वांस सारखेच मिळते आणि अडचण प्रत्येकाची निराळी असते. यंत्रास लाखो रुपये आणि ते यंत्र कसे चालवावे या प्रश्नाच्या उत्तरास काहीच नाही, ही विसंगती दूर व्हावयास पाहिजे.

या बाबतीत नेदरलँड्सचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथे 2004 साली लहान उद्योगांना प्रत्येकी 7,500 युरो किमतीची 100 संशोधन-कुपने देण्यात आली. कुपन देऊन सार्वजनिक संशोधन संस्थेकडून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळवावयाचे, अशी ही योजना होती. अर्ज अधिक आल्याने सोडत काढण्यात आली. त्यामुळे कुपन मिळालेले व न मिळालेले उद्योग यांची तुलना करता आली. दर दहा कुपनांपैकी सुमारे आठ कामे कुपनाअभावी संस्थांकडे गेलीच नसती, असे त्या तुलनेत दिसून आले. जे स्वखर्चाने गेलेच असते त्यांनाच अनुदान मिळते, या नेहमीच्या आक्षेपास हे चांगले उत्तर आहे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांस सोडत नवीन नाही. ठाणे जिल्ह्यात असा प्रयोग लहान प्रमाणावर करून पाहावा. रक्कम थोडी असावी, काही वाटा उद्योजकाने स्वतः उचलावा, संस्थेने ठरलेल्या मुदतीत मराठीतून लेखी उत्तर द्यावे, आणि उत्तर मिळाल्यावरच संस्थेस पैसे पोहोचावेत. संस्थेनेही अशा कामाची नोंद शास्त्रज्ञाच्या कार्यात धरावी. नाहीतर लहान माणसाचा प्रश्न टेबलावर तसाच पडून राहील.

मात्र कुपनाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. प्रत्येक गटाने आपला प्रश्न आजच लिहून ठेवावा: माल कोणता, एका वेळी किती, किती वेळ तापविला, कितव्या दिवशी बिघडला. नीट मांडलेला प्रश्न हाती असला म्हणजे प्रयोगशाळेतील निम्मे काम घरीच झालेले असते.