अंगवळणी पडेल तेच टिकेल

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले आणि मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात पहिला ठरला. येथील प्रौढांपैकी २६.४ टक्के, म्हणजे चौघांत एकाहून अधिक, मधुमेही! हा पहिला क्रमांक कोणालाही भूषणावह नाही. या व्याधीची कारणे अनेक आहेत. आनुवंशिकता आपल्या हाती नाही, पोटाचा घेर मात्र बऱ्याच अंशी आहे. भारतीय पुरुषाच्या कमरेने ९० आणि स्त्रीच्या कमरेने ८० सेंटिमीटरची मर्यादा ओलांडली की धोका वाढतो, असे वैद्यकशास्त्र सांगते.

परंतु वजन उतरवण्याची निकड ज्यांना सर्वाधिक, त्यांचे गुडघे बहुधा आधीच कुरकुरत असतात. कोणाला रक्तदाब, तर कोणाला थायरॉईड. मग काही जण 'आता या वयात काय व्हायचे?' म्हणून हातपाय गाळतात, तर काही एकदम भात वर्ज्य करतात आणि चवथीच्या नेवऱ्या समोर येताच महिनाभराचा निग्रह चार दिवसांत संपवतात. ही दुसरी तऱ्हा प्रसंगी घातकही ठरते. इन्सुलिन वा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना अचानक उपास केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. व्याधी आहे म्हणून प्रयत्न सोडू नये. व्याधी आहे म्हणूनच तो सबुरीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा.

अशा सबुरीचे फळ लहान नसते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. वजन सात टक्क्यांनी घटवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम, एवढेच उद्दिष्ट एका गटापुढे होते. त्या गटात मधुमेह जडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनीच घटले. ८० किलोंच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे जेमतेम साडेपाच किलो! गुडघेदुखीच्या रुग्णांनाही यात दिलासा आहे. वजन एक किलोने उतरले, तरी पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

त्यासाठी परके पदार्थ आणण्याची गरज नाही. ताटातले शीत थोडे कमी करून भाजी, मूग, अळसांदे वाढवावेत. तळलेल्या मासळीऐवजी हुमणातली खावी. चहातली साखर चमच्याचमच्याने कमी करावी. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत स्कूटर काढू नये. सारे एकाच दिवशी नको. एक सवय रुळली की दुसरी. मध्येच एखाद्या दिवशी नेम चुकला, तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा धरावा.

मात्र हा भार एकट्या रुग्णावर टाकून चालणार नाही. त्याच्यासाठी वेगळे शिजवणारी गृहिणी महिनाभरात थकते. सगळ्या घराचेच ताट बदलले, तर ते टिकते. पंचायती आणि पालिकांनाही आमचे सांगणे आहे : पहाटे वा तिन्हीसांजेला निर्धास्तपणे चालता येईल असा पदपथ ही चैन नव्हे, ते औषध आहे. गोळ्यांची सोय करणाऱ्या सरकारने पायांखालच्या वाटेचीही सोय करावी. नागरिकांनी मात्र त्या वाटेसाठी थांबू नये. पहिला बदल आज रात्रीच्या ताटापासून करता येतो.