जामीन झाला, जामीनदार कुठाय?

समाजकार्याचे विद्यार्थी तुरुंगात जाऊन काय शिकतात? टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत १९८४मध्ये महिलांसाठी विशेष कक्ष काढला, १९९०मध्ये कैद्यांसाठी काम करणारा ‘प्रयास’ प्रकल्प सुरू केला. अशा ठिकाणी क्षेत्रकार्य करताना एक गोष्ट लवकर कळते: जामीन मंजूर होऊनही माणूस आतच असतो. जामीनदार नाही, रेशनकार्ड नाही, घरचा नंबर पाठ नाही. देशातल्या चार कैद्यांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी. सुटकेच्या तरतुदी कायद्यात आहेत; त्या बराकीपर्यंत पोचवायला माणूस लागतो. विद्यार्थी ते करू शकतो. पण कैद्याची कहाणी म्हणजे प्रकल्पवहीची भरती नव्हे. महिनाभराच्या प्रमाणपत्रासाठी ही दारं उघडू नयेत; अनुभवी कार्यकर्त्याच्या देखरेखीखाली, वर्षभरासाठी जरूर उघडावीत. या अंकाचा आग्रह तोच आहे.